पाणी मागणारा देव

(उपवासकाळाच्या तयारीसाठी प्रवचन, अलकापुरी, बडोदे)

शास्त्रवाचन : होशेय ११:१-९, योहान ४:१-२६, योहान १९:२८-३०



आणखी थोड्याच दिवसांत राखेचा बुधवार येईल आणि उपवासकाळास आरंभ होईल. त्या बुधवारापासून पुनरुत्थानदिनाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. त्यांतील ६ रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाची आठवण म्हणून वगळले, की ४० दिवस उरतात. आपले रोमन कॅथलिक शेजारी त्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतील. आपल्या मंडळ्यांत मात्र चाल एकसारखी नाही. कोणी शुक्रवारी एक वेळ जेवतात, कोणी चहा सोडतात, कोणी संध्याकाळच्या खास उपासनांना जातात, आणि कोणी म्हणतात, "हे सारे कॅथलिकांचे. आपले तारण कृपेने झाले आहे. मग उपाशी कशाला राहायचे?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. इ. स. १५२२ मध्ये स्वित्झर्लंडातील झुरिक शहरी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तोफ फ्रोशौअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काही जणांनी मांसाचे तुकडे खाल्ले. त्या काळी तो गुन्हा होता. उलरिख झ्विंगली तेथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण थोड्याच दिवसांनी त्याने व्यासपीठावरून सांगितले की, पवित्र शास्त्राने जे बंधन घातले नाही ते मंडळीने कोणाच्या गळ्यात बांधू नये. ज्याला उपवास करायचा त्याने करावा, पण सक्ती नको. झुरिकची धर्मसुधारणा या घटनेतून पुढे सरकली. म्हणून उपवासाचे नाव निघताच आपल्यापैकी कित्येकांच्या मनात अढी येते, त्याला इतिहास आहे. कर्मांनी देवाची मर्जी विकत घेता येत नाही, हे आपल्या वडिलांनी मोठी किंमत देऊन शिकलेले सत्य आहे.

आणि आनंदाची गोष्ट ही की, या सत्यावर आज भांडण पुष्कळ शमले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने व रोमन कॅथलिक मंडळीने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईने नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, असे दोघांनी मिळून कबूल केले. २००६ साली जागतिक मेथडिस्ट परिषदेनेही त्या घोषणेस मान्यता दिली. तेव्हा उपवासाने देवाची प्रीती मिळवायची नाही, यावर आता वाद नको.

परंतु मग दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो अधिक खोल आहे. देवाला आपल्याकडून काही हवे आहे काय? की तो नुसता देतच राहतो, आणि आपण हात पसरून घेत राहायचे?

या प्रश्नाचा विचार करताना एका कॅथलिक चिंतनाचा मला फार उपयोग झाला. पोप सोळावे बेनेडिक्ट हे २००५ ते २०१३ या काळात त्या मंडळीचे प्रमुख होते. ३१ डिसेंबर २०२२ रोजी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. २००७ सालच्या उपवासकाळासाठी त्यांनी जो संदेश लिहिला त्याला त्यांनी योहान १९:३७ हा आधार घेतला : ज्याला भोसकले त्याच्याकडे लोक पाहतील. आपण त्या वधस्तंभाकडे पाहावे आणि तेथे देवाच्या प्रीतीचे पूर्ण रूप पाहावे, असे त्यांचे सांगणे होते. ही प्रीती दोन प्रकारची आहे, असे ते म्हणतात. ग्रीक भाषेत एकीला 'अगापे' म्हणतात, म्हणजे केवळ समोरच्याचे हित पाहणारी, देऊन टाकणारी प्रीती. दुसरीला 'एरोस' म्हणतात, म्हणजे समोरच्याची ओढ लागलेली, त्याच्यावाचून चैन न पडणारी प्रीती. पहिली देवाची, हे आपण सारेच मानतो. पण दुसरीही देवाची आहे, असे हा संदेश धीटपणे सांगतो.

आपल्याकडच्या पंडितांनी असे सहसा म्हटले नव्हते. स्वीडनमधील लुथरन धर्मपंडित अँडर्स नीग्रेन यांनी १९३० च्या दशकात या दोन शब्दांवरच मोठा ग्रंथ लिहिला, आणि ख्रिस्ती प्रीती म्हणजे अगापेच, एरोस ही माणसाची स्वार्थी ओढ, असा त्यांचा निर्णय होता. त्यांचा हेतू चांगला होता. कृपा निर्मळ राहावी अशी त्यांची तळमळ होती. पण होशेय संदेष्ट्याचे पुस्तक उघडले की हा निर्णय डळमळू लागतो. ज्या पत्नीने विश्वासघात केला तिला होशेय पुन्हा आणतो. १५ शेकेल रुपे व वर जव देऊन तिला सोडवतो. हे कशासाठी? तिच्यावर उपकार करण्यासाठी? नाही; ती त्याला हवी आहे म्हणून. आणि अकराव्या अध्यायात देव इस्राएलाविषयी बोलतो तेव्हा त्याचे अंतःकरण आतल्या आत उलथेपालथे होते. मदत वाटणाऱ्या दात्याची ही भाषा नव्हे. ही बापाची, नवऱ्याची, विरह सोसणाऱ्याची भाषा आहे.

विरहाचे नाव निघाले, तर ज्या ठिकाणी आपण जमलो आहोत त्याचेच नाव घेऊ. अलकापुरी! कालिदासाच्या 'मेघदूता'त अलका ही कुबेराची धनाढ्य नगरी. तेथला एक यक्ष कामात चुकला म्हणून वर्षभर हद्दपार झाला आणि रामगिरीवर येऊन राहिला. हा रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचे रामटेक, असे बहुतेक विद्वान मानतात. आषाढाचा मेघ पाहताच त्याला पत्नीची आठवण अनावर झाली आणि त्याने त्या मेघाबरोबरच अलकेला निरोप धाडला. बिचाऱ्याला स्वतः जाता येत नव्हते. शापाची मुदत संपली नव्हती. म्हणून निरोपावर भागवावे लागले.

देवानेही निरोप पाठवले. इब्री लोकांस पत्राच्या आरंभी सांगितले आहे की, प्राचीन काळी तो संदेष्ट्यांच्या द्वारे अनेक वेळा, अनेक परींनी बोलला. पण त्याच वाक्यात पुढे आहे की, शेवटी तो पुत्राच्या द्वारे बोलला. हद्दपार झालो होतो आपण. दोष आपला होता. तरी निघून आला तो तोच. यक्षाच्या आणि आपल्या कथेत हा फरक आहे, आणि सारे शुभवर्तमान या फरकात सामावले आहे.

तो आला आणि कोठे बसला, हे योहानाने चौथ्या अध्यायात लिहून ठेवले आहे. सूखार गावाबाहेर, याकोबाच्या विहिरीवर, भर दुपारी, चालून चालून थकलेला. आपण गुजरातेत राहणाऱ्यांना येथल्या वावी ठाऊक आहेत. महाराष्ट्रात त्यांना बारव म्हणतात. बडोद्याच्या पश्चिमेस सेवासी गावी शेकडो वर्षांची जुनी वाव आहे. वावेचे पाणी आपल्याकडे वर येत नाही. आपल्यालाच एकेक पायरी उतरून पाण्यापर्यंत जावे लागते. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचताना मला त्या पायऱ्या दिसतात. देवाच्या स्वरूपाचा असून तो रिक्त झाला, ही एक पायरी. दासाचे रूप घेतले, ही दुसरी. मरण सोसले, ही तिसरी. आणि तेही वधस्तंभाचे मरण, ही सर्वांत खालची. इतके उतरून तो शमरोनी बाईपाशी आला, आणि आल्यावर पहिली गोष्ट काय केली? तिला उपदेश केला काय? तिचे पाप तिच्या पदरात घातले काय? नाही. त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले.

ती चकित झाली. यहूदी माणूस शमरोन्याच्या भांड्याला शिवत नसे. पाण्यावरून माणसामाणसांत भिंती कशा उभ्या राहतात, हे आपल्या देशात कोणाला समजावून सांगायला नको. आपल्यापैकी कित्येकांच्या आजा-पणजांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती. त्या बाईशी आजवर कोणी बोलले असेल तर हुकमाने किंवा हेटाळणीने. आज देव तिच्यासमोर तहानलेला बसला आणि तिच्या हातचे मागू लागला. मागून त्याने तिला मान दिला. ज्याला आपल्याकडून काहीच नको असते तो आपल्यावर दया करील, पण त्याने आपल्यावर प्रीती केली असे आपल्याला वाटणार नाही.

येथे कोणी म्हणेल, देवाला कसली गरज? पन्नासाव्या स्तोत्रात त्यानेच सांगितले आहे की, मला भूक लागली तरी मी तुम्हाला सांगणार नाही, कारण सारे जग माझे आहे. खरे आहे. देवात काही उणे नाही. बोकडांच्या रक्ताने किंवा आपल्या उपाशी पोटाने त्याचे काही भरून निघत नाही. पण प्रीती अशी आहे की, ती श्रीमंतालाही मागायला लावते. ज्या बापाच्या घरी भाकरीची चंगळ होती तो लूकाच्या पंधराव्या अध्यायात वाटेकडे डोळे लावून बसला होता. घरात सारे होते, मुलगा नव्हता.

म्हणूनच वधस्तंभावरून प्रभूने आपल्याला तहान लागल्याचे सांगितले, तेव्हा ती केवळ सुकलेल्या कंठाची तहान नव्हती. बेनेडिक्ट आपल्या संदेशात म्हणतात की, वधस्तंभावर देव स्वतः आपल्या निर्मितीकडे प्रीतीची याचना करतो. आपल्यातील प्रत्येकाच्या प्रीतीची त्याला तहान आहे. मदर तेरेसा यांच्या भगिनींच्या जगभरच्या प्रार्थनालयांत वधस्तंभाच्या शेजारी प्रभूचा तहानेचा तो उद्गार भिंतीवर लिहिलेला असतो. रस्त्यावर पडलेल्यांच्या तोंडी पाणी घालण्याचे बळ त्यांना त्या भिंतीपाशी मिळते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे तहानलेला तो प्रभूच असतो.

आता ध्यानात घ्या. पाणी मागणाऱ्या प्रभूला लोकांनी काय दिले? आंब. स्पंजात भिजवून, काठीवर लावून आंब दिली.

बंधुभगिनींनो, उपवासकाळाच्या उंबरठ्यावर आपण स्वतःला हा प्रश्न विचारू या : या चाळीस दिवसांत मी प्रभूच्या ओठाला काय लावणार आहे, पाणी की आंब? मनात कडवटपणा ठेवून केलेला उपवास ही आंब आहे. पोट रिकामे आणि जीभ धारदार, ही आंब आहे. आपल्याकडे म्हण आहे, 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. सकाळी चहा सोडायचा आणि दुपारी चार घरची उणीदुणी चघळायची, हा त्यातलाच प्रकार. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाने अशा उपवासाला नाक मुरडले आहे. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे आणि जाचाची जोखडे मोडणे हाच मला आवडणारा उपवास, असे तो म्हणतो. आणि योएल संदेष्टा वस्त्रे नव्हे, तर अंतःकरणे फाडा असे सांगतो. हा योएलाचा उतारा कॅथलिक उपासनेत राखेच्या बुधवारीच वाचतात; म्हणजे राख लावण्यापूर्वी त्यांनाही हा इशारा ऐकावा लागतो.

परंतु देवाला प्रीती हवी असली तरी ती तो ओरबाडून घेत नाही. मागतो आणि वाट पाहतो. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात या वाट पाहण्याची एक गोष्ट आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यांच्या या निर्णयात नव्हत्या. त्यांच्यावर तर आभाळ कोसळले. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. टिळक पत्रे लिहीत राहिले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे, आपले सोवळेओवळे सांभाळूनच आल्या. आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. हळूहळू त्यांच्या मनात विचार जागा झाला की, हे जातीचे भेद देवाने केलेले नाहीत. मग कोणाच्या हातचे पाणी प्यायला त्यांना अडचण उरली नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की टिळक काही देवदूत नव्हते. त्यांच्या रागाचे आणि लहरींचे चटके त्या माउलीने पुष्कळ सोसले. पण विश्वासाच्या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. वाट पाहिली. मनुष्य इतकी वाट पाहू शकतो, तर देव किती पाहत असेल!

जेथे ही वाट पाहणे सुटले तेथे मंडळीच्या नावाला काळिमा लागला, हेही सांगितले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यातील राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले. मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा इतक्या गोडीने सांगणारा तो परदेशी माणूस आपल्या भाषेवर जीव टाकणारा होता. पण त्याच गोव्यात त्याच्याआधी सत्तेच्या जोरावर देवळे पाडली गेली होती व लोकांचे जुने ग्रंथ नष्ट केले गेले होते. एकीकडे ओवी, दुसरीकडे दंडुका. आज चारशे वर्षांनी लोकांच्या ओठावर आणि आदरात काय उरले आहे? ओवी उरली आहे. झुरिकमध्ये उपवासाची सक्ती असो, गोव्यात श्रद्धेची असो. सक्तीने मिळते ती आंब.

तर मग या काळाची तयारी कशी करायची? मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, वेळ. दिवसातील एक ठरलेली घटका वधस्तंभापाशी नुसते बसा. मागण्यांची यादी घेऊन जाऊ नका. त्या घटकेत आपण मागायचे नाही, त्याचे मागणे ऐकायचे. तो काय मागतो ते कागदावर लिहावे लागत नाही. ते आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणूनच आपण शांत बसायला भितो.

दुसरी, एक नाव. आपल्या प्रत्येकाच्या मनात एक नाव आहे. भाऊ असेल, जाऊ असेल, मंडळीतील कोणी असेल. जमिनीच्या तुकड्यावरून, निवडणुकीवरून, किंवा लग्नात झालेल्या मानापमानावरून बोलणे बंद आहे. प्रभुभोजनाला दोघेही येतात, पण दोन वेगळ्या बाकांवर बसतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, दान वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन समेट कर. तो थांबायला तयार आहे. आपण मात्र दान देऊन मोकळे होतो. चहा सोडण्यापेक्षा हे कठीण आहे. म्हणूनच उपवास म्हणायचा तर याला म्हणावे. पाण्याला जायचे तर वावेच्या पायऱ्या उतराव्याच लागतात. समोरचा आधी उतरेल याची वाट पाहू नका. प्रभू आपल्यासाठी आधी उतरला.

तिसरी, पाणी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बडोद्याचे रस्ते पाण्याखाली गेले. पुरात पाणी चोहीकडे असते, पण त्यातले घोटभर पिता येत नाही. प्यायचे पाणी कोणी तरी हाताने आणून द्यावे लागते. आपल्या मंडळ्यांत शब्दांचा पूर असतो. गीते, भाषणे, अहवाल यांना तोटा नाही. त्या पुरात शेजारची विधवा, आजारी म्हातारा, घरकामाला येणारी बाई, दुपारच्या उन्हात दारात सामान आणून देणारा मुलगा तहानलेला राहू नये. जे आपण पोटाला कमी करू ते याच चाळीस दिवसांत कोणाच्या तरी हाती पोचू द्या. मुठीत राहिलेली बचत म्हणजे उपवास नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांना "या चाळीस दिवसांत काय सोडणार?" असे विचारण्यापूर्वी शमरोनी बाईची गोष्ट सांगा. टेबलावर पाण्याचा एक पेला ठेवा आणि विचारा, "येशू तुमच्या दारी आला आणि म्हणाला, मला तहान लागली आहे, तर तुम्ही काय कराल?" मुले धावत पाणी आणतील. मग त्यांना सांगा की, तो खरोखरच आला आहे. सोडणे त्यानंतर आपोआप येईल. ज्याच्यावर प्रीती आहे त्याच्यासाठी खाऊतला अर्धा वाटा ठेवायला मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

शेवटी एवढेच ध्यानात ठेवा. त्या विहिरीवरच्या गोष्टीत प्रभूला पाणी मिळाले की नाही, हे योहानाने लिहिलेले नाही. बाई आपली घागर तेथेच टाकून गावात पळाली आणि साऱ्या गावाला त्याच्याकडे घेऊन आली. शिष्यांनी जेवण पुढे केले तेव्हा आपल्याजवळ त्यांना ठाऊक नसलेले अन्न आहे, असे तो म्हणाला. त्या बाईच्या येण्याने त्याचे पोट भरले होते. आपण यावे, इतकेच त्याला हवे आहे. आपल्या रिकाम्या पोटाने त्याचे समाधान होत नाही. आपले रिकामे आसन मात्र त्याला सलते.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी थकलास, तहानलास, आणि आम्ही तुला वेळोवेळी आंब दिली. क्षमा कर. या काळात आमच्या उपवासातला दिखावा काढून टाक, आमच्या मनातली अढी काढून टाक, आणि जे नाव घ्यायला आम्ही कचरतो ते नाव प्रथम प्रार्थनेत, मग ओठावर आणि मग आमच्या घरात येऊ दे. तुझ्या आणि आमच्या कॅथलिक बंधुभगिनींनाही या दिवसांत तुझ्या वधस्तंभाजवळ घे, म्हणजे तेथे आम्ही एकमेकांना भेटू. आमेन.